दादाच्या नावाचं लोखंड

नमो बुद्धाय. जय भीम.

मी अंकुश चिंधू गोंडाणे, वय सव्वीस, शिक्षण आठवी पास (नववीत नाव होतं, मी नव्हतो), धंदा लोहा बांधणे (म्हणजे स्लॅबच्या सळया तारेनं बांधणे), राहणार मौजा टेंभरटोला, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा, सध्या मुक्काम जम्मूकडच्या सीमेवरचं एक गाव, तारेच्या कुंपणापासून पायी पंधरा मिनिटं, ठेकेदाराच्या टिनाच्या शेडात, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीनं लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. मी प्यायलेलो नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. बंदुका इथं पुष्कळ आहेत, पण त्यांची तोंडं दुसरीकडे आहेत.

सव्वीस वर्षांच्या पोरानं मृत्युपत्र कायले लिहावं, असं वाचणाऱ्याला वाटेल. त्याचं कारण आधी लिहितो, म्हणजे पुढची कलमं समजतील.

आम्ही इथं घरोघरी बंकर बांधतो. जमिनीत खड्डा, जाड भिंती, दुहेरी जाळीचा लोहा, वर स्लॅब. सीमेपलीकडून गोळे पडले की घरच्यांनी आत जाऊन बसायचं. आजवर एकेचाळीस बंकरांचा लोहा मी या हातांनी बांधला. बेचाळीसावा कुलदीप चाचाच्या अंगणात होता. गल्ली अरुंद, मशीन आत जात नाही, म्हणून खड्डा हातानं. मंगळवारी दुपारी मी सब्बल, म्हणजे पहार, मारली तर टण्ण आवाज आला. माझ्या जोडीला श्रावण होता. श्रावण म्हणजे आमच्या तुमसरकडचाच, माझ्यासोबत चार गावं फिरलेला. तो म्हणाला, "दगड हाय बे, हाण अजून एक."

मी हाणली.

तेवढ्यात कुलदीप चाचा चहा घेऊन आला. त्यानं खड्ड्यात पाहिलं, केटली हळूच जमिनीवर ठेवली आणि बोलला, "बेटा, हाथ रोक. हिलना मत." तो दगड नव्हता. मागच्या उन्हाळ्यात पडलेला आणि न फुटलेला गोळा होता. फौजेचे लोक आले, आम्हाला दूर नेलं, गोळा उचलून नदीच्या रेतीत नेऊन फोडला. इतक्या दूरवरून आमच्या शेडाचं टिन वाजलं.

मी दोन वेळा हाणली होती.

लोकांना वाटलं मी भेदरलो, म्हणून बसून राहिलो. तसं नाही. टण्ण हा आवाज मी आधी एकदा ऐकला होता, आणि त्याबद्दल तीन वर्षं गप्प होतो. ते कलम सहामध्ये आहे. ज्याला घाई असेल त्यानं सरळ तिथं जावं, पण मग मधलं समजणार नाही.

त्याच संध्याकाळी माझी बहीण प्रतिक्षा हिनं मोबाईलवर एक कागद पाठवला. तो कागद कलम चारमध्ये आहे.

कलम एक. घर. टेंभरटोल्याचं घर बाबाच्या नावावर आहे, म्हणजे चिंधू सदाशिव गोंडाणे यांच्या. त्यात माझा जो काही वाटा निघेल तो माय, म्हणजे पार्वताबाई, हिला. मायनं मागची खोली पाडू द्यायची नाही. त्या खोलीच्या भिंतीवर जीवनदादाची आणि माझी उंची कोळशानं लिहिली आहे. मी कधीच त्याच्यावर गेलो नाही, पण शेवटच्या रेघेत दोन बोटांचाच फरक होता.

कलम दोन. शेती. तलावाखाली आमची सव्वा एकर धानाची बांधी आहे, अगदी शेपटीला, जिथं पाणी सगळ्यांच्या शेवटी येतं. माझा हिस्सा प्रतिक्षाला. तिनं लग्न केलं तरी तिचाच. कोणी भाऊबंद "पोरीले शेती कायले" असं म्हणाला तर त्याला हे कलम मोठ्यानं वाचून दाखवावं. मोटरसायकल पण प्रतिक्षाला. ब्रेक मागचाच लागतो, पुढचा नुसता दिसायला आहे.

कलम तीन. औजारं. तार बांधायचा हूक, सळई वाकवायची चावी, फीता आणि छोटा ग्राइंडर माझ्या जोडीदाराला, श्रावणला.

(हे कलम कापलं आहे. साक्षीदाराला काही देता येत नाही, असं कुलदीप चाचा म्हणाला. श्रावणला सांगितलं तर तो म्हणतो, "मंग मी साक्षीदार नाही होत. मले ग्राइंडर पाहिजे." मी म्हटलं, "अबे, मी मेल्यावर भेटल तुले, आज नाही." तो म्हणाला, "म्हणूनच तर. जिवंतपणी तू देऊन राहिला का?" शेवटी ग्राइंडर मी त्याला आजच, जिवंतपणी, हातात दिला आणि मग तो साक्षीदार झाला. बाकी औजारं कलम सातप्रमाणे.)

माझी एक सब्बल टेंभरटोल्याच्या तलावात, तुडूमाजवळ (तुडूम म्हणजे काय ते कलम चारमध्ये आहे) गाळात पडलेली आहे. मुठीवर तारेचे सात वेढे आहेत. ज्याला सापडेल त्याला दिली.

कलम चार. मुख्य कलम हेच आहे. बाकी सगळं याच्यासाठी लिहिलं.

माझा मोठा भाऊ जीवन फौजेत होता. चार वर्षांपूर्वी पौषात, इथून बरंच वर, बर्फातल्या चौकीवर गोळा पडून तो गेला. त्याच्या नावानं आता आमच्या गावाला पंधरा लाख रुपये मंजूर झाले आहेत. त्यात गावाच्या फाट्यावर स्मृतिद्वार बांधायचं आहे. प्रतिक्षानं पाठवलेला कागद म्हणजे त्या गेटाचं अंदाजपत्रक. मला पुस्तकं वाचता येत नाहीत धड, पण असा कागद मी घडाघडा वाचतो. दोन खांब, वर कमान, दोन्ही बाजूला सिमेंटच्या दोन तोफा, मध्ये बंदूक धरलेला पुतळा. लोहा साडेतीन टन.

साडेतीन टन! मी तो आकडा बोटानं मोठा करून पाहिला. मग शेडातल्या जमिनीवर खडूनं आमच्या तलावाचं तुडूम काढलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो. आमचा तलाव जुना, मालगुजाराच्या काळचा. त्याच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, पोटात दगडी मोरी आहे, तिला तुडूम म्हणतात. पाण्याखाली एकाखाली एक भोकं, आणि प्रत्येक भोकात बिजाच्या झाडाच्या टणक लाकडाची खुंटी. धान निसवताना, म्हणजे लोंबी बाहेर येताना, आभाळ कोरडं झालं की कोणीतरी बुडी मारून खुंटी काढायची, मग खालच्या साठ घरांच्या बांध्यांत पाणी जातं. तीन वर्षांपासून त्या तुडूमाचा दगड फुटलेला आहे. पाणी रात्रंदिवस वाहून जातं. दसऱ्याच्या आत तलाव अर्धा होतो आणि होळीला पोरं त्यात क्रिकेट खेळतात. शेपटीच्या बांध्यांत तीन वर्षं लोंबी भरली नाही. नुसता फोल.

मी खडूनं हिशोब केला. नवीन तुडूम, त्याला चाकानं फिरवायची लोखंडी झडप, पाळीला आतून भिंत, आणि जास्तीचं पाणी जाते तिथला ओटा. साडेतीन टनात सगळं बसतं. वरून लोहा उरतो. श्रावणनं दोन वेळा तपासलं. मग तो पण उठून उभा राहिला. आम्ही दोघं शेडात असे नाचलो की ठेकेदाराचा मुंशी शिव्या देत आला.

प्रतिक्षानं ग्रामसेवकाला विचारलं. त्यानं सांगितलं की ग्रामसभेनं ठराव बदलला आणि घरच्यांनी लेखी दिलं तर वर पाठवता येते. ग्रामसभा सव्वीस जानेवारीला आहे. घरचे म्हणजे बाबा, खुशबू वहिनी (दादाची बायको, ती मोहाडीला नोकरी करते) आणि मी. वहिनीनं सही केली. प्रतिक्षाला ती म्हणाली, "ते सुट्टीवर आले की वर्दी पेटीत टाकून आधी तलावात उडी मारायचे. बंदूक घेऊन मी त्यांना एकदाच पाहिलं, तेही फोटोत."

माझं म्हणणं या मृत्युपत्रानं लेखी देतो: दादाच्या नावाचं लोखंड तुडूमात लागावं. गेटात नाही. मी जिवंत असो की नसो, हेच माझं मत समजावं.

आता बाबा.

बाबा ऐकत नाहीत. फोनवर झालेलं बोलणं जसंच्या तसं लिहितो.

"गेट होईल," बाबा म्हणाले. "जीवनचं नाव राहील."

"बाबा, फाट्यावरून जाणारा माणूस नाव वाचते का? एक्सलेटर देते."

"तुले काय समजते? तू तिकडं राहून राहिला."

"तुडूमावर नाव लिहू ना. जो पाणी सोडाले चाक फिरवीन, त्याच्या डोळ्यासमोर दादाचं नाव."

"तुडूमाले हात लावाचा नाही." बाबा एकदम ओरडले. "बुजून टाका म्हणतो मी ते. गेट म्हणजे गेट."

मागून मायचा आवाज आला, "निदान त्या पुतळ्याच्या हातची बंदूक तरी काढा. माया पोराचा हात दुखन." मग फोन बंद.

बाबा असे नाहीत. पाणी कोणत्या बांधीला आधी, यावरून ते उभं आयुष्य भांडले. त्यांनी तुडूम बुजवा म्हणावं, हे मला कळलं नाही.

कलम पाच. हे कलम कोणाला काही देत नाही. हे माझ्या मनातलं आहे, आणि मेल्यावर तरी कोणी वाचेल म्हणून लिहितो.

मी बंकरांच्या विरोधात नाही. मी बांधलेल्या बंकरात पोरं जिवंत राहिली आहेत, ती मला "लोहेवाले भैया" म्हणतात. पण मी लोहा बांधणारा आहे. एक सळई इकडे लागली की तिकडे लागत नाही, हे मला रोज दिसतं. इथल्या शाळेचा स्लॅब गोळ्यानं फुटला आणि दोन पावसाळे तसाच आहे. पोरं बंकरात बसून पाढे म्हणतात. आत एवढा घुमतो आवाज, की बाई 'बस' म्हणाल्या तरी पाढा थांबत नाही.

लढाईला किती लागतं ते मोठे लोक सांगतात. मी फक्त सांगतो की ते सगळं मोजत नाहीत. कुलदीप चाचाची सात बिघे जमीन तारेला लागून आहे, तिथं चार वर्षं नांगर गेला नाही, रान माजलं. त्याची नात गोळे पडल्यापासून शब्द अडखळत बोलते. आजोबाला 'दादू' म्हणायला तिला तीन वेळा सुरुवात करावी लागते. चाचा तोवर घास हातात धरून थांबतो. हा खर्च कोणत्या कागदात आहे? मी चाचाला विचारलं, तर तो म्हणाला, "गोला एक बार गिरता है बेटा, पर उठाना रोज़ पड़ता है."

आणि आमचं. दादा गेला तेव्हा सरकारचा एक शिपाई कमी झाला, त्याजागी दुसरा उभा राहिला. टेंभरटोल्यात तुडूमाची खुंटी काढणारा एकच होता. त्याजागी मी उभा राहिलो.

कलम सहा. कबुली.

बुडी मारून खुंटी काढायची विद्या दादाची. दरवर्षी तो त्याच दिवसांत सुट्टी मागून यायचा. पुढच्या वर्षी तू कर, असं म्हणत त्यानं मला तीन वर्षं शिकवलं. खुंटी पाण्यानं फुगलेली असते. लाकडी मोगरीनं चारी बाजूनं हळूहळू ठोकायची, मग दोन्ही हातांनी फिरवायची, श्वास संपला तर सोडून वर यायचं, परत जायचं. दहा बुड्या लागल्या तर दहा. आणि एक नियम, गावच्या म्हाताऱ्यांपासून चालत आलेला: तुडूमाला लोखंड लावायचं नाही.

दादा पौषात गेला. त्यानंतरच्या आश्विनात आभाळ कोरडं झालं, धान निसवायला आलं, आणि सगळं गाव पाळीवर उभं राहिलं. कोणी मला काही म्हटलं नाही. नुसते पाहत होते. मी सात बुड्या मारल्या. खुंटी हलली नाही. वर आलो की साठ घरांचे डोळे. सरपंच इश्वरभाऊ म्हणाले, "जीवन असता तर एव्हाना पाणी लागलं असतं." ते वाईट बोलले नाहीत, खरं बोलले. पण मला लागलं.

मी म्हटलं, उद्या सकाळी करतो. आणि पहाटे कोणी नसताना सब्बल घेऊन गेलो.

पहिल्या घावाला पाण्यात टण्ण वाजलं. मी थांबायला पाहिजे होतं. दुसरा हाणला. खुंटी निघाली नाही, दगड फुटला. पाणी असं ओढायला लागलं की सब्बल हातची गेली. मी कसाबसा वर आलो.

गाव आलं तेव्हा पाणी सुटलेलं होतं. लोक खूश झाले, माझी पाठ थोपटली. आठ दिवसांनी समजलं की ते पाणी आता बंद होत नाही. म्हणाले, जुना दगड, थकला असेल. मी काही बोललो नाही. त्याच आठवड्यात गाव सोडलं. सुरत, हैदराबाद, मग इथं.

दगड थकला नव्हता. मी फोडला. ज्यांच्या बांध्या तीन वर्षं कोरड्या गेल्या त्या सगळ्यांची मी या कलमानं माफी मागतो. घरावर कोणी दगड मारू नये. बाबाला, मायला यातलं काही माहीत नाही.

कलम सात. उरलेली औजारं, म्हणजे हूक, चावी, फीता, नवीन तुडूमाचा लोहा जो कोणी बांधेल त्याला. फक्त एक लक्षात ठेवावं. तारेची गाठ पाण्याच्या बाजूला ठेवू नये.

कलम आठ. माझे बँकेतले पैसे मायच्या नावे. ठेकेदाराच्या विम्याच्या फॉर्मवर वारसाच्या जागी मी 'सारं गाव' लिहिलं होतं. मुंशी म्हणाला, "गाव का अंगूठा कौन लगाएगा?" म्हणून ते खोडून मायचं नाव लिहिलं आहे. तिनं त्यातलं तुडूमासाठी कमी पडलं तर द्यावं, नाही पडलं तर देऊ नये.

कलम नऊ. जुने राग.

(अ) सरपंच इश्वरभाऊंनी मला दोन वर्षांपूर्वी, मी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला गावी गेलो तेव्हा, नाटकाच्या मांडवात, दोनशे लोकांसमोर "पयपुट्या" म्हटलं. म्हणजे पळपुटा. कलम सहा वाचल्यावर ते बरोबर होते हे दिसेल. राग मी परत घेतो. त्यांनी गेटाच्या पाटीवर स्वतःचं नाव दादाच्या नावापेक्षा मोठं काढायला सांगितलं आहे, असं प्रतिक्षा म्हणते. तुडूमाच्या पाटीवर त्यांचं नाव हवं तेवढं मोठं काढावं. माझी हरकत नाही. पाणी सुटलं पाहिजे.

(ब) आठवीत जास्तीचे गुण देऊन मला पुढं ढकलणाऱ्या गुरुजींवर राग नाही. ढकललं नसतं तर हे लिहिता आलं नसतं.

(क) दादावर. तो म्हणाला होता, पुढच्या वर्षी तुझ्यासोबत मी पण उतरतो. हा राग तसाच राहू द्यावा.

कलम दहा. मी इथं मेलो तर मला शहीद म्हणू नये. मी हजेरीवरचा माणूस आहे. विहारात त्रिसरण, पंचशील म्हणावं, जेवण घालू नये. माझा फोटो फ्लेक्सवर लावायचा झाला तर दादाच्या बाजूला लावू नये, खाली लावावा. दोन बोटं खाली.

वरील मजकूर मी स्वतःच्या हातानं लिहिला. चुका माझ्या आहेत.

पुरवणी.

वरचं लिहून झालं आणि मी कुलदीप चाचाला साक्षीसाठी बोलावलं. त्याला सगळं हिंदीत सांगितलं. चाचाकडे स्वतःचं मृत्युपत्र पत्र्याच्या पेटीत आहे, इथं बहुतेक घरांत असतं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तेरी सभा कब है?"

"छब्बीस को."

"और मरना कब है?"

मी वही मिटली.

"वसीयत मरने के बाद बोलती है बेटा," चाचा म्हणाला. "तू छब्बीस तक मर भी गया, तो यह काग़ज़ उससे पहले तेरे गाँव पहुँचेगा नहीं. बोलना है तो मुँह से बोल."

श्रावण इतका हसला की त्याच्या हातातला ग्राइंडर पडला. माझा ग्राइंडर.

चार दिवस मी ही कलमं लिहून राहिलो, आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की मी जिवंत असताना याला काही किंमत नाही. माझ्याच बाबतीत असं होऊ शकते. खुंटी निघत नाही तर दगड फोडणारा मी.

मग मी बाबाला फोन लावला आणि कलम सहा वाचून दाखवलं. सुरुवातीपासून. सब्बल या शब्दावर बोट ठेवून वाचलं. तिकडून कोंबड्यांचा आवाज येत होता, म्हणून समजलं फोन चालू आहे.

"मुठीवर तारेचे सात वेढे," बाबा म्हणाले.

"काय?"

"होळीले तलाव सुकला, तई मीच काढली. गाळातून. आट्यावर ठेवली हाय, छपराच्या कवेलूखाली. तुया मायले बी नाही सांगितलं."

"तुमाले तीन वर्षांपासून मालूम होतं?"

"मंग? सब्बल कोणाची ते बापाले समजत नाही का?"

"बाबा, मंग तुडूम काहून बुजवा म्हणता?"

"तुडूम खोदलं की दगडावरचा घाव दिसते, बापू. लोखंडाचा घाव लपत नाही. साठ घरं विचारतीन, कोण उतरलं होतं. एक पोरगा सीमेनं नेला. दुसऱ्याले गावानं नेऊ नये म्हणून गेट. मले का गेट पाहिजे होतं? मले त्या गेटाखालून पाणी नेता येत असतं तं नेलं असतं."

तीन वर्षं मी इकडे पळत होतो आणि बाबा तिकडे माझ्यासाठी गेट उभं करत होते. दादाच्या नावाच्या मागे मला लपवून.

"मी येतो," मी म्हटलं.

"मारतीन."

"मारू दे. पण ठराव आधी घ्या म्हणावं, मारणं मंग."

बाबा हसले. दादा गेल्यापासून मी तो आवाज ऐकला नव्हता. मग म्हणाले, "सब्बल घेऊन येऊ का सभेत?"

"आणा."

"मंग मी बी सही करतो. तुया सहीच्या खाली नाही, वरती. बाप हाव."

म्हणून ही पुरवणी. या मृत्युपत्रातली सगळी वाटणी कायम ठेवतो, फक्त कलम चार आणि कलम सहा मी मेल्यावर नाही, सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत स्वतः उभा राहून तोंडी सांगणार आहे. कलम सातमध्ये बदल: नवीन तुडूमाचा लोहा मीच बांधीन. मजुरी घेणार नाही. झडप बसल्यावर पहिल्यांदा चाक फिरवायचा मान शेपटीच्या बांधीवाल्यांचा, आम्ही सोडून. आमच्या बांधीला सगळ्यांच्या शेवटी पाणी.

बेचाळीसाव्या बंकरचा लोहा काल सकाळी पूर्ण केला. चाचाची नात वरून पाहत होती. जाताना ती म्हणाली, "लो... लो... लोहेवाले भैया, वापस आना." मी थांबून ऐकलं. येईन म्हटलं, तुमच्या शाळेच्या स्लॅबसाठी. कोणी मंजूर केला तर.

आज रात्रीची गाडी आहे. जम्मूवरून नागपूर, नागपूरवरून तुमसर रोड, तिथून जे मिळेल ते. ही वही पेटीत ठेवणार होतो, ती आता पिशवीत वरच ठेवली आहे.

सही: अंकुश चिंधू गोंडाणे

साक्षीदार पहिला: श्रावण तुळशीराम सेलोकर, राहणार तुमसर तालुका. अंकुशनं माझ्यासमोर सही केली. ग्राइंडर मला सहीच्या आधी मिळाला आहे, त्याचा या कागदाशी संबंध नाही.

साक्षीदार दुसरा: कुलदीप राज, किसान. लड़के ने मेरे सामने, मेरे आँगन में, होश में दस्तख़त किए. दस्तख़त करते वक़्त वह ज़िंदा था, जूते पहने हुए था, और बार-बार पूछ रहा था कि गाड़ी लेट तो नहीं.

ठिकाण: सीमेवरचं गाव, बेचाळीसाव्या बंकरच्या अंगणात
दिनांक: १८ जानेवारी २०२६